गुडघ्यातील इंजेक्शन : अपेक्षा किती ठेवावी?

कारेगाव-रांजणगाव परिसरातून गुडघेदुखीसाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांत दोन प्रकारचे रुग्ण प्रामुख्याने आढळतात. कांद्याची लागवड, खुरपणी आणि गाईम्हशींच्या धारा यांत निम्मे आयुष्य उकिडवे बसून काढलेल्या माताभगिनी, आणि औद्योगिक वसाहतीत पूर्ण पाळी उभ्याने काम करणारे कामगार. दोघांचाही प्रश्न बहुधा एकच असतो : ‘एक इंजेक्शन घेतले की गुडघा पूर्ववत होईल ना?’ काही सहृदय देणगीदारही मोफत इंजेक्शन शिबिराचा प्रस्ताव आमच्यासमोर ठेवतात. म्हणून हे निवेदन.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वाढते वय, वजन व श्रम यांमुळे ते झिजते. झिजलेली कूर्चा पुन्हा भरून आणते असे सिद्ध झालेले एकही इंजेक्शन आज उपलब्ध नाही. ‘नवीन गादी तयार होते’ अशा जाहिराती वाचून दागिना गहाण टाकण्यापूर्वी कुटुंबीयांनी एवढे एक वाक्य ध्यानी ठेवावे.

स्टेरॉइडचे इंजेक्शन सूज व वेदना कमी करते. आराम काही आठवडे, क्वचित दोन-तीन महिने टिकतो. मधुमेही रुग्णांची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते, ही बाब डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड व उरलेल्यांना मिठाचे पाणी टोचण्यात आले. वेदनेत फरक आढळला नाही. कूर्चेची झीज मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांत अधिक झाली. ‘मागच्या वेळी गुण आला, आता दर सणाला द्या’ या आग्रहाला आमचे अस्थिरोगतज्ज्ञ नकार देतात, तो यासाठीच.

हायलुरॉनिक आम्लाचे, म्हणजे ‘वंगणाचे’ इंजेक्शन बरेच महाग असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०२२ मध्ये ते देऊ नये असेच सुचविले आहे. रुग्णाच्याच रक्तातून तयार होणाऱ्या ‘पीआरपी’ची ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली (२०२१). वर्षभरानंतर पीआरपी आणि मिठाचे पाणी यांत वेदनेच्या दृष्टीने लक्षणीय फरक दिसला नाही, मात्र दोन्ही गटांना काही प्रमाणात बरे वाटले होते! शेजाऱ्याला आलेला गुण खोटा नसतो. तो औषधाचाच असतो असे मात्र नाही. गुडघेदुखी स्वभावतःच कमी-अधिक होत असते.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या आम्हा प्रशासकांना हे भांडवल आणि खेळत्या पैशाच्या भाषेत चटकन समजते. इंजेक्शनने मिळालेले थोडे आठवडे हा उसना अवधी आहे. त्या काळात मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नियमित केले तरच त्यातून काही शिल्लक राहते. वजन १ किलो घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. धारेसाठी उंच स्टूल व शौचासाठी खुर्ची हे उपाय किरकोळ खर्चाचे आहेत, पण सुनेने आग्रह धरल्याशिवाय सासूबाई ते स्वीकारत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. शिबिराऐवजी भौतिकोपचार विभागास साहाय्य करावे, अशी देणगीदारांना आमची विनंती आहे.

झीज फारच पुढे गेली असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० व २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हापासून ग्रामीण भागातही हा उपचार परिचित झाला. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये शासनाने मर्यादा घातली. गुडघ्यात इंजेक्शन घेतल्यास शस्त्रक्रिया साधारण तीन महिने पुढे ढकलावी लागते, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सुगीनंतर शस्त्रक्रिया करण्याचा बेत असेल, तर नातेवाईकांनी तो इंजेक्शनपूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठी शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घेऊन आमच्या समाजसेवा कक्षाशी संपर्क साधावा.