जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहते. सेनगावकर श्रोत्यांपुढे हा शब्द मी मोटारीला लावीत आहे, तो थट्टेने नव्हे. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तो 1954 साली बंद झाला. गाड्या मागे राहिल्या, सुटे भाग मात्र दुर्मिळ होत गेले.

1930 च्या सुमाराच्या ब्युइक किंवा कॅडिलॅकसारख्या बंद टपाच्या गाडीचा पत्रा काढला, तर आत चक्क लाकडी सांगाडा निघतो! म्हणजे मेकॅनिकच्या आधी सुतार हवा. कुजलेले लाकूड उपटण्यापूर्वी त्याचे माप व साचा घ्यावा लागतो. नाहीतर दार पुन्हा नीट बसत नाही. त्या काळच्या कित्येक एंजिनांतली बेअरिंगे कथलाच्या मिश्रधातूचा रस ओतून केलेली असत. ती झिजली की पुन्हा रस ओतायचा, कातायचे, आणि हाताने खरवडून बसवायचे.

एवढी यातायात कोण करणार? 1973 नंतर तेल महागले, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी मूळ एंजिन काढून डिझेलचे घातले. त्यांना दोष कसा द्यावा? गाडीवर पोट होते. पण भंगारात गेलेले एंजिन परत येत नाही. फेरफार करूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. चौकट मात्र कापू नये. 6 व्होल्टची वीज खुशाल 12 व्होल्टची करा, बल्बही बदला. जुना डायनॅमो तेवढा चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा, पुढच्या मालकाला तो परत बसवावासा वाटेल.