मोतीबिंदू आणि डोळ्यातले भिंग

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली, पुढची सारी वर्षे इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत गेली, आणि जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत बसून. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, ते एवढ्याचसाठी की साठीच्या घरात आलेला कामगार दवाखान्यातून भिंगांच्या दरांचा कागद घेऊन आमच्याकडे येतो आणि विचारतो, "यातले कुठले घेऊ?" त्या कागदावरच्या खालच्या आणि वरच्या आकड्यांत कित्येक महिन्यांच्या मजुरीचे अंतर असते.

प्रथम मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. बाहुलीच्या मागे, एका पातळ पारदर्शक पिशवीत, डोळ्याचे स्वतःचे भिंग असते. ते पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले. वय वाढते तशी ही प्रथिने गढूळ होतात, आणि स्वच्छ काचेवर वाफ धरावी तसे दिसू लागते. डोळ्यावर कसला पडदा येतो ही समजूत चुकीची. गढूळपणा आतल्या भिंगातच असतो. म्हणूनच थेंब घालून मोतीबिंदू विरघळत नाही, गढूळ भिंग काढावेच लागते. "पिकू द्या, मग काढू" हा सल्लाही जुन्या काळचा. आज नजर कामाला अडू लागली की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकलेला मोतीबिंदू उलट काढायला अवघड जातो.

आमच्या वडिलांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा भिंग काढून घेत, पण त्या जागी काहीच बसवले नाही. त्या जाड काचांच्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव हिश्श्याने मोठ्या दिसत. जिन्याची पायरी चुकून वडील दोनदा पडले.

रिकाम्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे कपचे घुसले होते. ते प्लास्टिक डोळ्याने निमूट सोसले, हे त्यांनी पाहिले. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी एका बाईंच्या डोळ्यात त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग बसवले. भिंग बसले, पण नंबर फार चुकला. बाईंना लांबचे चष्म्याशिवाय दिसेना. आज शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून भिंगाचा नंबर काढतात. आमच्या मते, भिंगाच्या नावापेक्षा ही मोजणी नीट होणे अधिक मोलाचे.

काढण्याच्या रीती मुख्यतः दोन. 1967 साली चार्ल्स केलमन यांनी आणलेल्या रीतीत ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडीचे भिंग आत सोडतात. लोक याला लेसर म्हणतात. ते लेसर नव्हे. दुसऱ्या रीतीत छेद थोडा मोठा असतो, बहुधा टाका लागत नाही, आणि खर्च कमी येतो. सरावाच्या हाताने केली तर हीही उत्तम नजर देते.

आता भिंगे. साधे भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. बहुधा ते लांबच्या नजरेचे बसवतात आणि वाचायला चष्मा लागतो. ज्याच्या बुबुळाची गोलाई वाकडी, म्हणजे ज्याला सिलिंडरचा मोठा नंबर, त्याला टोरिक भिंगाचा खरा उपयोग. मल्टिफोकल भिंग लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवते, चष्मा पुष्कळदा सुटतो. पण प्रकाश वाटला गेल्याने ठळकपणा थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. रात्रीचा ट्रक हाकणाऱ्याने हे आधी ऐकलेले बरे. आतला पडदा मधुमेहाने बिघडला असेल, तर महाग भिंग त्याला बरा करीत नाही.

आमच्या एका वहिफणी कामगाराला एका दवाखान्यात सांगितले, परदेशी भिंग घेतले तरच नजर येईल. कर्ज काढायला निघाले होते. वास्तविक 1992 पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्त भिंगे बनतात आणि ती कितीतरी देशांत जातात. आम्ही म्हटले, "मामा, दिवसभर तुम्ही बघता काय?" ते म्हणाले, "हातभर अंतरावरची तारं. दुसरं काय बघायचं?"

दुसऱ्या डॉक्टरांना आम्ही हेच सांगितले. त्यांनी साधेच देशी भिंग, पण हातभर अंतराच्या हिशेबाने बसवले. सहा-सात महिन्यांनी पुन्हा अंधुक दिसू लागले तेव्हा मामा घाबरले. मागे ठेवलेली पिशवी गढूळ झाली होती. ती मात्र खऱ्या लेसरने काही मिनिटांत मोकळी केली. आता ते वहीतून तार ओढताना चष्मा लावीत नाहीत, एस. टी. ची पाटी वाचायची झाली तरच खिशातून काढतात.