पुतळीमाळेतली ‘पुतळी’ मूळची कुठली?

लग्नसराईत रत्नागिरीत नऊवारीवर पुतळ्यांची माळ दिसली की आपण सहज म्हणतो, ‘अस्सल आपला दागिना!’ ते खरंच आहे. पण पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. १२८४ पासून पाडलेलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर उतरलं, आकृत्यांमुळे ‘पुतळी’ झालं आणि कडी लावून गळ्यात आलं. पुढे सोनारांनी पातळ पत्र्यावर ठशाने लक्ष्मी उठवली.

कुणी म्हणेल, मग ही उसनवारीच की! पण उसनं घेतलं ते नाणं. ठसा, कडी आणि गाठवण्याची कारागिरी इथली. अमेरिकेतल्या नावाहो या मूलनिवासी जमातीच्या कारागिरांचंही तेच. एकोणिसाव्या शतकात ते मेक्सिकन कारागिरांकडून चांदीकाम शिकले, डॉलर आणि पेसो वितळवून दागिने घडवू लागले, नंतर त्यात फिरोजा जडवला. आज तीच त्यांची ओळख आहे. म्हणजे परंपरा वयावर नाही, आपलंसं करण्यावर ठरते. तेव्हा आजीची माळ मोडीत काढण्याआधी एकेका पुतळीवरचा छाप भिंगातून जरूर पाहा.