आमटी अळणी नव्हती!

गेल्या वर्षीची गोष्ट. सासूबाईंच्या गादीवरची चादर बदलताना उशीखालून कागदाची एक पुडी पडली. उघडून पाहते तो काय, मीठ! डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेलं, आणि मी मोठ्या निगुतीनं ते सांभाळत होते. त्याआधी कित्येक महिने पानावर रोज एकच वाक्य, "आमटी अळणी झालीय गं." मला ते फार टोचायचं. शाळेतून धावतपळत येऊन रांधायचं आणि वर हे! यांना नावंच ठेवायचीत, अशी मी मनाशी गाठ बांधली होती. त्या अर्धी भाकरी टाकून उठत, अंगानं उतरत चालल्या होत्या, तेही मला रुसवाच वाटे.

पुडी घेऊन डॉक्टरांकडे गेले, तेव्हा उलगडा झाला. मैत्रिणींनो, आमटी अळणी नव्हती, पण त्यांना ती खरंच अळणी लागत होती! वयाबरोबर जिभेची धार कमी होते. पण खरी मेख नाकात असते. सर्दीत पुरणपोळीसुद्धा कागदासारखी लागते, हे तुम्ही अनुभवलंच असेल. साठीनंतर वास घेण्याची शक्तीच हळूहळू मंदावते. फोडणीचा वास शेजारणीपर्यंत जातो, पण पाटावर बसलेल्या सासूबाईंना येत नाही. त्यात कवळीनं टाळू झाकलेला, तोंडाला कोरड, शिवाय काही औषधांनीही चव बिघडते. सासूबाईंची एक गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. (आपल्या मनानं गोळी बंद मात्र करू नका हं!)

लहान मुलांचं याच्या उलट. त्यांना कडू फार झोंबतं आणि गोडाची ओढ मोठ्यांहून जास्त. माझी धाकटी कारलं पानाबाहेर ढकलते. 'हे'ही लहानपणी तेच करायचे म्हणे, आणि आता चिंच-गुळाचं कारलं मागून घेतात! तेव्हा मुलांना दटावू नका. घासभर वाढत राहा. आठ-दहा वेळा जिभेवर गेलं की पुष्कळदा गोडी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. मग चव आणायची कुठून? मी आता आमटीत आमसूल थोडं जास्त घालते, आणि लसूण-हिंगाची फोडणी पानात वाढताना वरून देते. भाजी शिजताना मीठ जवळजवळ घालतच नाही. त्यांच्या वाटणीची चिमूट वरून भुरभुरते, ती जिभेला आधी लागते. भाजलेल्या तिळाची बिनमिठाची चटणी लिंबू पिळून दिली तर अर्धी भाकरी सहज जास्त जाते. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

पुडीबद्दल मी सासूबाईंना अजून विचारलेलं नाही. परवा जेवताना त्यांनी मीठ मागितलं नाही. लोणच्याची फोड मात्र मागितली. मी अर्धी वाढली.