चाकांवरच्या घरात उजेड आणताना

दिवाळी सरली की नागपूरहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांची वर्दळ वाढू लागते. ताडोबाची जंगलसफारी, तेथून पुढे गडचिरोली, आलापल्लीची सागवने आणि सवड असल्यास हेमलकसा, असा आठवडाभराचा बेत आखणारी काही कुटुंबे आता हॉटेलच्या खोलीऐवजी चाकांवरचे घरच सोबत नेण्याचा विचार करू लागली आहेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि हा शब्द मराठी घरांतही परिचयाचा झाला. मात्र कोरी कॅराव्हॅन विकत घेणे मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेरचे असते. मग कोणी जुनी, वापरलेली गाडी घेतो, तर कोणी चार मित्रांत मिळून एक गाडी ठेवतो.

अशा जुन्या गाडीत पाऊल टाकताच पहिली जाणीव होते ती अंधाराची. गडद तपकिरी सनमायका, मळखाऊ म्हणून निवडलेली मरून रंगाची गादीची कव्हरे, काळपट फरशी आणि छताच्या मधोमध एकच मिणमिणता दिवा. पहिल्या दिवशी हे सारे चालून जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते घर न वाटता खोका वाटू लागतो. त्यावर उपाय म्हणून बहुतेक जण आधी दिव्यांच्या दुकानाकडे धाव घेतात आणि खर्चाची पहिली चूक तेथेच होते. लहान जागा उजळण्यासाठी नवा उजेड विकत घेण्यापेक्षा असलेला उजेड वाया जाऊ न देणे अधिक महत्त्वाचे आणि कितीतरी स्वस्त असते.

उजेडाचा हिशेब

हे नेमके कसे घडते, ते साध्या हिशेबाने समजून घेता येईल. समजा, दिव्यातून १०० भाग प्रकाश बाहेर पडला. गाडीच्या भिंती, छत आणि फरशी मिळून त्यातील निम्मा प्रकाश परत फेकत असतील, तर पहिल्या वेळी ५० भाग परत येतील, त्यातून पुन्हा २५, मग साडेबारा आणि असेच पुढे. सगळ्याची बेरीज २०० च्या आसपास जाईल. आता याच पृष्ठभागांना असा रंग दिला की ते ८० टक्के प्रकाश परत फेकतील, तर ८०, ६४, ५१ असे करीत बेरीज ५०० पर्यंत पोहोचते. दिवा तोच, वीजही तेवढीच. उजेड मात्र अडीचपट. प्रत्यक्षात खिडक्या, सामान आणि माणसे बराच प्रकाश गिळतात, त्यामुळे एवढा लाभ पदरात पडत नाही; पण वाट हीच आहे. ताज्या पांढऱ्या रंगाचा पृष्ठभाग सुमारे ८० टक्के प्रकाश परत देतो, तर गडद लाकडी पृष्ठभाग जेमतेम पाचवा हिस्सा. जागा जितकी लहान, तितका प्रकाश भिंतींवर वारंवार आदळतो. म्हणूनच मोठ्या दिवाणखान्यापेक्षा कॅराव्हॅनमध्ये रंगाची निवड अधिक निर्णायक ठरते.

मातीच्या घरांचा धडा

ज्या प्रदेशात ही गाडी न्यायची आहे, तेथील जुन्या घरांनी हा हिशेब केव्हाच सोडवलेला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खेड्यांतील मातीच्या घरांना जाड भिंती, खाली उतरलेले छप्पर आणि मोजक्या लहान खिडक्या असतात. त्याचे कारण उन्हाळा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. मोठ्या खिडक्या ठेवल्या तर उजेडाबरोबर झळाही आत येणार. म्हणून बाहेरून येणारा उजेड थोडाच ठेवायचा, पण आतील भिंती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोतारून त्या थोड्या उजेडाचे सोने करायचे, अशी ही रीत. स्वयंपाकघराच्या छपरात बसवलेले एखादे काचेचे कौल भर दुपारी चुलीपर्यंत प्रकाश पोहोचवते.

ऊन नको, उजेड हवा. हा भेद कॅराव्हॅनच्या मालकाने पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. पत्र्याची गाडी मातीच्या भिंतीप्रमाणे उष्णता थोपवू शकत नाही. तेव्हा गाडीचे छत बाहेरून पांढरे असणे ही आतील सजावटीचीच पहिली पायरी समजावी. गाडीच्या छतात हवेसाठी झडप असेल, तर तिचे धुरकट झालेले झाकण बदलून दुधी रंगाचे बसवावे. काचेच्या कौलाचे काम ते करील आणि थेट ऊनही अडवील.

रंग : सर्वांत स्वस्त, सर्वांत परिणामकारक

साडेतीन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि माणूस उभा राहील एवढ्या उंचीच्या गाडीत भिंती आणि छत मिळून सुमारे २५ चौरस मीटर क्षेत्र भरते. दोन हातांसाठी चार-पाच लिटर रंग पुरेसा होतो. मेहनत रंग लावण्यात नसून त्याच्या आधीच्या तयारीत असते. सनमायकावर थेट रंग लावला तर तो महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करावा, धूळ पुसावी, मग प्रायमर आणि त्यानंतरच रंग.

छत शुभ्र ठेवावे. भिंतींना मात्र निखळ पांढऱ्याऐवजी सायीचा किंवा फिकट पिवळसर रंग बरा. तो डोळ्यांना सुखावतो आणि चंद्रपूरच्या लालसर धुळीचे डागही त्यावर कमी उठून दिसतात. गडद रंगाची हौस असल्यास ती कपाटाच्या एखाद्या दारावर भागवावी. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग निवडल्यास उग्र वास कमी येतो. तरीही रंगकामानंतर दारे-खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस गाडी वाळू द्यावी. लगेच आत झोपू नये.

आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती ऐकून आतून सागाच्या फळ्या ठोकण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. साग महाग आहे, गडद आहे आणि मुख्य म्हणजे जड आहे. साधी १८ मिलिमीटर जाडीची आठ बाय चार फुटांची प्लायवूडची फळीसुद्धा ३० किलोंच्या घरात भरते. प्रत्येक किलोची किंमत इंधनात आणि ब्रेकवर मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.

कापडाची करामत

वडसा म्हणजेच देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. हिवाळ्यात तेथील नाटकमंडळी गावोगाव फिरतात. आज या गावी, उद्या त्या गावी. उघड्या शेतातील रिकाम्या मंचाला रंगवलेला पडदा टांगला की राजवाडा उभा राहतो आणि पहाटे तोच पडदा गुंडाळून गाडीत जातो. फिरत्या घराची सजावटही अशीच हवी : हलकी, काढता-घालता येणारी आणि धुता येणारी.

खिडक्यांना दुहेरी पडदे लावावेत. आतला पडदा पांढऱ्या मलमलीचा किंवा विरळ खादीचा. तो दिवसा उजेड गाळून आत सोडतो. बाहेरचा जाड आणि गडद, रात्रीसाठी. गाद्यांची कव्हरे जाड सुती कापडाची आणि फिकट रंगाची असावीत. मळण्याची भीती वाटत असेल तर दोन जोड शिवून घ्यावेत. तेही एका महागड्या रेक्झिनच्या कामापेक्षा स्वस्त पडतात. रेक्झिन उन्हात तापते, अंगाला चिकटते. सुती कापड तसे करीत नाही. हौसेसाठी एखाद्याच उशीला कोशाच्या रेशमाचा अभ्रा घालावा. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसर या टसर कोशांच्या उत्पादनासाठी ओळखला जातो. त्या धाग्याची नैसर्गिक मधाळ झाक फिकट भिंतीशेजारी फार खुलून दिसते. खिडकीसमोरच्या भिंतीवर अ‍ॅक्रिलिकचा हलका आरसा लावला, तर खिडकी दोन झाल्याचा भास होतो. काचेचा आरसा मात्र धावत्या गाडीत नको.

बांबू : हलका, फिकट आणि स्थानिक

या दोन जिल्ह्यांत सजावटीचे सर्वांत उत्तम साहित्य शोधायला दूर जावे लागत नाही. बांबूच्या कमच्यांची चटई वजनाला हलकी, रंगाने फिकट आणि वाकवता येण्याजोगी असते. गाडीच्या गोलाकार छताला ती लाकडी फळीपेक्षा सहज बसते. दिव्यावरची टोपलीसारखी शेड, चमचे-पळ्यांचा उभा खण, खिडकीची गुंडाळता येणारी चिक या साऱ्या वस्तू बुरूड कारागीर मापानुसार करून देऊ शकतात. त्यासाठी खिडकीचे आणि खणाचे माप कागदावर नेमके लिहून न्यावे.

गडचिरोलीतील बांबूला एक इतिहासही आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेच्या हाती आला. ज्या बांबूवर गावाचा हक्क नाकारला जात होता, तोच गावाच्या उत्पन्नाचे साधन ठरला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. शहरातल्या दुकानातून प्लास्टिकची ‘बांबूसारखी’ चटई आणण्याऐवजी कारागिराकडून खरी चटई घेतली, तर पैसा जेथे जायला हवा तेथे जातो. किमतीत फार घासाघीस करू नये. एका चटईमागे कमच्या काढण्यापासून विणण्यापर्यंत किती हात राबतात, ते एकदा शेजारी बसून पाहिले म्हणजे पुरे.

बांबूला घुणाची बाधा होते. कोवळ्या आणि पिठूळ बांबूला ती लवकर होते, म्हणून पक्व बांबूची वस्तू घ्यावी आणि टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून वाळवलेली आहे का, ते विचारावे. चटईखाली पिवळसर भुकटी पडू लागली, तर घूण लागला असे समजावे.

दिवे शेवटी

एवढे झाल्यावरच दिव्यांकडे वळावे. जुना ६० वॅटचा तंतूचा दिवा जेवढा उजेड देतो, साधारण तेवढाच आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत १२०० वॅट-तास वीज मावते. साध्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मीच वापरणे हितावह, म्हणजे हाती ६००. तंतूचा एकच दिवा पाच तासांत त्यातील ३०० खर्च करतो, एलईडी ४५. मधोमध एक प्रखर दिवा लावण्याऐवजी तीन-चार लहान दिवे लावावेत. एक ओट्यावर, एक वाचायला, एक पायरीपाशी. प्रकाश भिंतीवर किंवा छतावर पडेल असा दिवा वळवला, तर डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि जागा मोठी भासते. पिवळसर, म्हणजे २७०० केल्व्हिनच्या आसपासचा प्रकाश निवडावा. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे किडे अधिक आकर्षित होतात, आणि जंगलाकाठी हा प्रश्न गौण नाही.

सावधगिरीचे चार शब्द

बांबू, सुती कापड आणि लाकूड ही सारी पेटणारी द्रव्ये आहेत. शेगडीच्या भोवती आणि वर पत्रा किंवा टाइलच असावी. पडदा तेथवर उडत येणार नाही अशी तजवीज करावी. अग्निशामक दाराजवळ, हाताला लागेल असा ठेवावा. थंडीच्या रात्री बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. नव्या वायरिंगच्या प्रत्येक फाट्यावर फ्यूज हवाच. रंग, पडदे, चटई यांना कोणाची हरकत नसते. परंतु खिडकी कापणे, आसने काढणे किंवा छत उंच करणे हे वाहनातील बदल ठरतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार त्यावर निर्बंध आहेत. असे काही करायचे असल्यास आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

शेवटचे सांगणे रात्रीविषयी. कॅराव्हॅन ताडोबाच्या गाभा क्षेत्रात नेता येत नाही आणि वनविभागाच्या परवानगीविना जंगलात कोठेही मुक्काम ठोकता येत नाही. मुक्काम गावातील किंवा अधिकृत पर्यटन संकुलातील आवारातच करावा. या जिल्ह्यांत वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दरवर्षी प्राण गमावतात, हे तेथील गावकऱ्यांचे रोजचे वास्तव आहे. अंधार पडल्यावर गाडीबाहेर रेंगाळू नये, उष्टे-खरकटे बाहेर टाकू नये आणि बाहेरच्या बाजूला झगमगत्या माळा तर मुळीच लावू नयेत. जाड पडदा ओढून घ्यावा. दिवसभर जपून साठवलेला आणि काटकसरीने वापरलेला उजेड आपल्या घरात राहावा; बाहेरची रात्र जंगलाची आहे, ती जंगलाकडेच राहू द्यावी.