सूझा, फ्रान्सिस न्यूटन

सूझा, फ्रान्सिस न्यूटन : (१२ एप्रिल १९२४ – २८ मार्च २००२). ख्रिस्ती धर्मचित्रांच्या परंपरेला उपरोधाचे वळण देणारे आधुनिक भारतीय चित्रकार. जन्म गोव्यातील साळगाव येथे, रोमन कॅथलिक कुटुंबात. वडील ते तान्हे असतानाच वारले. बालपणी त्यांना देवी आल्या, तेव्हा मुलगा वाचल्यास त्याला धर्मगुरू करीन, असा नवस आईने केला व पुढे संत फ्रान्सिस झेव्हिअर यांचे नाव त्याला जोडले. नवस फेडला गेला नाही. मात्र धर्मगुरू हा त्यांच्या चित्रांचा जन्मभराचा विषय ठरला.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९४५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांच्यासह त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप’ स्थापिला. १९४९ मध्ये ते लंडनला गेले. तेथील ‘गॅलरी वन’मधील १९५५ च्या प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. १९६७ पासून त्यांचे वास्तव्य न्यूयॉर्क येथे होते.

गोव्यातील चर्चचा थाट, भरजरी वस्त्रे, धूप आणि क्रूसावरील रक्तबंबाळ ख्रिस्त यांचा ठसा त्यांच्या मनावर बालपणीच उमटला होता. त्यांचा उपरोध बोचतो तो या जवळिकीमुळे. परक्याच्या टवाळीला अशी धार येत नाही. यूरोपीय चित्रांत संत सेबॅस्टियन हा बाणांनी विद्ध झालेला, देखणा, विवस्त्रप्राय तरुण असतो. सूझांच्या मिस्टर सेबॅस्टियन (१९५५) या चित्रात तो सूट घातलेला शहरी गृहस्थ आहे; बाण मात्र तसेच रुतलेले आहेत. शीर्षकातील ‘मिस्टर’ या एका शब्दाने हौतात्म्य कचेरीच्या पायरीवर येऊन पोहोचते. पाहणाऱ्यास प्रथम हसू येते. मग हा गृहस्थ आपल्या ओळखीचा असल्याचे ध्यानात येते. धर्मगुरूंच्या चित्रांत त्यांनी वस्त्रांवरील कलाकुसर प्रेमाने रंगविली, पण वरचे चेहरे कपाळावर चढलेल्या डोळ्यांचे आणि दात विचकलेले असे काढले.

क्रुसिफिक्शन (१९५९, टेट संग्रहालय, लंडन) या चित्रात मात्र हास्याचा मागमूस नाही. रूढ गोरा, सौम्य ख्रिस्त येथे काळा, काटेरी रेषांनी घडलेला असा दिसतो. सूझांची थट्टा कोठे थांबते, हे या चित्रावरून कळते. जाड काळी बाह्यरेषा हे त्यांचे प्रमुख साधन असून तिच्यावर रोमनेस्क धर्मचित्रांचा व भारतीय शिल्पांचा प्रभाव जाणवतो. उत्तरकाळात त्यांनी हेच विषय पुन:पुन्हा हाताळले. त्यांतील बरीच चित्रे घाईची वाटतात. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.