दुसऱ्या तापाची धास्ती

पावसाची सर ओसरते, बांधकामांच्या तळघरांत आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत पाणी साचते, आणि गोमंतकात डेंगी डोके वर काढतो. अशा दिवसांत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘मला एकदा होऊन गेला, आता भय नाही.’ गोवर, कांजिण्यांच्या अनुभवाने शिकवलेला हा भरवसा डेंगीच्या बाबतीत मात्र घातक आहे.

डेंगीच्या विषाणूचे प्रकार चार. ज्या प्रकाराने आपण आजारी पडलो त्याच्यापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मात्र काही महिन्यांपुरतेच. पुढे दुसरा प्रकार अंगात शिरला की जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट, त्या प्रतिपिंडांना धरून रक्तातील भक्षक पेशी विषाणूला आत ओढतात आणि तेथेच त्याची वीण वाढते. राखणदारानेच चोराला माजघरात आणावे, तसा हा प्रकार! दुसऱ्या खेपेचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात हे खरे. परंतु जिवावर बेतणारी दुखणी याच खेपेत अधिक आढळतात.

क्यूबाने हे भोगले आहे. तेथे १९७७ साली पहिला प्रकार पसरला. १९८१ साली दुसरा आला. रुग्ण ३ लाख ४४ हजारांवर, मृत्यू १५८, त्यांतील १०१ बालके. पहिल्या साथीनंतर जन्मलेली एक-दोन वर्षांची मुले मात्र गंभीर दुखण्यातून जवळपास सुटली. १९९७ साली सांतियागो शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा गंभीर आजारी पडले ते प्रौढच. शरीराची स्मृती वीस वर्षांनीही उलटली.

लशीनेही हाच धडा दिला. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगीची लस टोचली गेली. ज्यांना पूर्वी डेंगी झालेला नव्हता त्यांना तिच्यामुळे गंभीर आजाराचा धोका वाढतो, हे उत्पादकांनीच २०१७ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. स्कॉट हॉल्स्टेड या ज्येष्ठ संशोधकाने २०१६ सालीच इशारा दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. आपल्या देशात २०२४ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर स्वदेशी लशीची चाचणी सुरू झाली. तिच्या निष्कर्षांबाबत घाई करणाऱ्यांनी मनिलाकडे पाहावे.

आरोग्य खात्याकडे आमची मागणी साधी आहे. रुग्णसंख्येबरोबरच यंदा कोणता प्रकार फिरतो आहे, तेही दर हंगामात जाहीर करावे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था काही दूर नाही. आणि घरी परतणाऱ्या रुग्णाच्या कागदावर पूर्वीच्या डेंगीची नोंद ठळकपणे असावी. पुढच्या वेळी ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. त्या वेळी डॉक्टरांच्या हाती तो कागद असावा.